आधी काट्यावर संशय

थोरल्यानं आपलं टेबल खिडकीकडे हलवल्यापासून वर्कशॉपात दोन राज्यं झाली होती. त्या दोन राज्यांचा तह रविवारच्या जेवणाला होणार, असं आत्यानं परस्पर जाहीर करून टाकलं. आत्या आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसलेली. कुणाची लाइन कुणाला जोडायची आणि कुणाची मध्येच तोडायची, ही खोड निवृत्तीनंतरही गेली नव्हती. आपला भाऊ, म्हणजे पोरांचे बाबा, सत्तरीला टेकला, आता त्यानं खुर्ची सोडावी आणि ती कुणाला द्यायची ते धडधाकट असताना सांगावं, म्हणजे मागाहून डोकी फुटायला नकोत, एवढं तिचं म्हणणं. तेवढ्यासाठी ती बॅग घेऊन सकाळीच दारात हजर झाली होती.

खुर्ची म्हणजे खरं तर एक साधं लाकडी स्टूल. वर्कशॉप घराच्याच तळमजल्यावर होतं. दाब मोजणारे गेज तिथे दुरुस्तीला यायचे. त्यातही कमी दाबाचं काम ही या घराची खासियत: गॅसच्या लाइनी, प्रयोगशाळांचे पंप, दवाखान्यांतली बीपीची मशीनं. काच काढायची, दात्यांची चाकं पुसायची, काटा नीट बसवायचा आणि शेवटी ते मास्तर गेजला जोडून बघायचं. मास्तर जे दाखवील तेच यानं दाखवलं पाहिजे. जुळलं की मागच्या स्क्रूवर लाल लाखेचा ठिपका. तो ठिपका म्हणजे या घराचा शब्द.

मास्तर गेज आजोबांचा होता. ताटाएवढी डायल, पितळी कडं. बाबांचं स्टूल त्याच्यासमोर असायचं आणि त्यांच्याशिवाय त्याला कुणी फडकंसुद्धा लावायचं नाही. दोन वर्षांपूर्वी थोरला एवढंच म्हणाला होता, की एकदा हा मास्तरसुद्धा बाहेरून तपासून आणू या. झालं. बाबांनी त्या दिवशी जेवण टाकलं आणि थोरल्यानं टेबल हलवलं. तेव्हा धाकटा बाबांच्या बाजूनं उभा राहिला होता. आजोबांच्या वस्तूवर शंका घेणारा भाऊ त्याला कृतघ्न वाटला होता, आणि अजूनही दोघं बोलायचे ते फक्त गिऱ्हाइकांबद्दल.

आज मात्र धाकट्याचं लक्ष तहात नव्हतं. त्याचा जीव वरच्या खोलीत अडकला होता. तिथे त्याची बायको आडवी झाली होती. तिला आठवा महिना होता. ती नगररचनेच्या कचेरीत नकाशे काढायची आणि घरात तिचं नावच नकाशेवाली पडलं होतं. सासऱ्यापासून आत्यापर्यंत सगळे तिला त्याच नावानं हाक मारायचे. तिलाही ते आवडायचं, निदान सुरुवातीला तरी आवडायचं.

या घराण्यातल्या पुरुषांनी बाळंतपणात आजवर दोनच कामं केली होती: बाईला दवाखान्याच्या फाटकापर्यंत सोडणं आणि नंतर मुलाच्या नावावरून वाद घालणं. धाकट्यानं ही रीत मोडली. प्रत्येक तपासणीला तो आत गेला, डॉक्टरांना प्रश्न विचारले, गोळ्यांच्या वेळा पाठ केल्या. वर्कशॉपातले कारागीर विचारायचे, "काय हो, दिवस तुम्हाला गेलेत की वहिनींना?" तोही हसून म्हणायचा, "दोघांना. उलट्या फक्त तिला." मागच्या तपासणीत तिचं बीपी जरासं चढलेलं होतं, तेव्हा सिस्टरनं त्याला घरी बीपी घ्यायला शिकवलं. कानात नळ्या कशा घालायच्या, हवा कशी सोडायची, ठोका कधी ऐकू येतो. वरचा आकडा एकशेचाळीसच्या पुढे गेला तर वाट बघत बसू नका, थेट या, असं बजावलं होतं. आणि आकडा काहीही असो, तिचं डोकं, डोळे आणि पोट यांची रोज चौकशी करा, असंही सांगितलं होतं. यातलं पहिलं धाकट्यानं मनावर घेतलं. दुसरं त्याला नुसतं सौजन्य वाटलं.

गेल्या सोमवारी मशीननं एकशेपन्नास दाखवलं. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. दुसरा कुणी नवरा असता तर घाबरून दवाखान्यात धावला असता. हा गेज दुरुस्त करणाऱ्याच्या घरात जन्मलेला. माल जास्त भरला तर आधी काट्यावर संशय घ्यावा, हे त्याला बोबड्या वयापासून शिकवलेलं. त्यानं मशीन खाली नेलं, बाबांच्या परवानगीनं मास्तरला जोडलं, तर काय, नवं कोरं मशीन चांगलंच चढं निघालं. त्यानं ते मास्तरशी जुळवून घेतलं, स्क्रूवर लाल ठिपका दिला आणि वर येऊन बायकोला म्हणाला, "तू ठीक आहेस. मशीनच फालतू होतं." त्या रात्री तो निवांत झोपला. तेव्हापासून आकडे अगदी शहाण्या मुलासारखे वागत होते.

पानं वाढली तेव्हा वहिनी जिन्यावरून उतरली. थोरल्याची बायको, बोलायला तिखट, मनानं मऊ.

"भावजी, तिचा चेहरा बघितलात का आज?"

"झोप झाली नाही तिची."

"झोपेनं चेहरा असा होतो का? डोळे बारीक झालेत सुजेनं. बोटं अशी फुगलीत की पेन्सिल धरवत नाही म्हणते."

"आठव्यात सगळ्याच फुगतात," आत्या म्हणाली. "आपली आईसुद्धा भोपळ्यासारखी झाली होती ह्याच्या वेळेला." तिनं बाबांकडे हात केला. बाबांना ही उपमा आवडली नाही.

"डोकं परवापासून दुखतंय तिचं," वहिनी म्हणाली.

"परवापासून?" धाकटा म्हणाला. "मला बोलली नाही."

"बोलली होती. तुम्ही म्हणालात, बीपी एकशेतीस आहे, काही होत नाही."

धाकट्याला ते आठवलं आणि ते अगदी तसंच म्हटल्याचंही आठवलं. एवढ्यात नकाशेवाली स्वतःच कठड्याला धरत खाली आली. खुर्चीत बसताना तिनं डोळे घट्ट मिटून घेतले. धाकट्यानं विचारलं, काय होतंय. ती म्हणाली, काही नाही, उजेड नको वाटतो.

"खुर्चीचं बोलू या का आता?" आत्यानं विषय रुळावर आणला. "हं, तू सांग. थोरला की धाकटा?"

बाबांनी पाण्याचा घोट घेतला. "ज्याला आपल्या कामावर श्रद्धा आहे त्याला."

"म्हणजे मला नाही," थोरला ताटाकडे बघत म्हणाला.

"मी नाव घेतलं का तुझं?"

"घ्यायला कशाला हवं? दोन वर्षं घेत नाही आहात."

"झालं सुरू," वहिनी म्हणाली. "अहो, तिच्याकडे बघा जरा."

नकाशेवालीनं हात छातीखाली दाबून धरला होता. "इथे आवळतंय," ती म्हणाली. "आणि मला तुमचे चेहरे नीट दिसत नाहीयेत. काजवे चमकल्यासारखं होतंय."

"मशीन आण," बाबा म्हणाले. "आधी मोजा. उगाच तर्क नकोत."

धाकटा पळत वर गेला, मशीन घेऊन आला, तिच्या दंडाला पट्टा बांधला. सगळ्यांनी श्वास रोखला, आत्यानं तर चमचाही खाली ठेवला. काटा हळूहळू उतरला.

"एकशेअडतीस," धाकटा म्हणाला आणि त्यानं श्वास सोडला. "हद्दीच्या आत आहे."

"बघ," बाबा म्हणाले. "काटा खोटं बोलत नाही."

"म्हणजे मी बोलतेय का खोटं?" नकाशेवाली म्हणाली. आवाज चढा नव्हता, थकलेला होता. "आठवडाभर मी सांगतेय मला बरं वाटत नाही, आणि आठवडाभर तू मला आकडा ऐकवतोयस."

पट्टा काढण्यासाठी धाकट्यानं मशीन टेबलावर उलटं ठेवलं, आणि समोर बसलेल्या थोरल्याचा हात वाटेतच थांबला.

"हे उघडलं कोणी?"

"काय?"

"मशीन. मागे लाल ठिपका आहे. हे आपल्याकडे उघडलंय."

"मी उघडलं. चढं होतं, खाली आणलं."

"कशावर लावलंस?"

"मास्तरवर. आणखी कशावर लावणार?"

थोरल्यानं एकदा बाबांकडे बघितलं, एकदा धाकट्याकडे.

"मग ते खोटं दाखवतंय," थोरला म्हणाला. "मशीन चढं नव्हतं. मास्तर मागे आहे."

"काय म्हणालास?" बाबा अर्धवट उठले.

"बाबा, मास्तर डायलच्या मधल्या भागात मागे पडतो, कमी दाखवतो. वीसनं तरी."

"शून्यावर बरोबर येतो तो! रोज सकाळी बघतो मी!"

"शून्यावर सगळेच बरोबर येतात."

"आणि दवाखान्यांची मशीनं? इतकी वर्षं गेली ती? एक तक्रार आहे?"

"नाही, कारण तुम्ही ठिपका दिल्यावर रोज संध्याकाळी ती मी परत उघडतो. नवा मास्तर घेतलाय मी. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे. त्यावर लावून, लाख परत भरून, मग पाठवतो." थोरल्यानं ताट बाजूला सारलं. "टेबल खिडकीकडे उजेडासाठी नाही नेलं मी. पाठ तुमच्याकडे व्हावी म्हणून नेलं."

धाकट्याच्या डोक्यात एकच बेरीज चालू होती आणि ती कितीदा केली तरी उत्तर तेच येत होतं. घरातलं प्रत्येक मशीन थोरल्याच्या हाताखालून जात होतं. बायकोचं तेवढं गेलं नाही, कारण भावाशी अबोला होता आणि त्याच्या टेबलावर ते ठेवणं म्हणजे बाबांशी बेइमानी वाटली असती.

"चल, खाली जाऊ," थोरला उठला. "माझ्या मास्तरला जोडून बघू, एका मिनिटाचं काम आहे. खरं किती आहे ते तरी कळेल."

"मीही येतो," बाबा म्हणाले. "माझ्यासमोर जोडा."

दोघंही दाराकडे निघाले. धाकट्याचे पायही सवयीनं वळले. त्याची जात तपासणाऱ्याची. आयुष्यात त्यानं खात्री केल्याशिवाय स्क्रू आवळला नव्हता. तेवढ्यात त्यानं बायकोकडे बघितलं. ती टेबलाच्या कडेवर कपाळ टेकून बसली होती. त्याला वाटलं, आठवडाभर आपण या बाईच्या हाताला पट्टा बांधतोय आणि एकदाही तिच्याकडे पाहिलेलं नाही.

"नको," तो म्हणाला. "दादा, गाडी काढ."

"अरे पण बघू तरी—"

"तिचं डोकं दुखतंय, तिला दिसत नाहीये. आणखी काय जोडून बघायचंय?"

"धाकट्या, शहानिशा करून—" बाबा म्हणाले.

"बाबा, वाट सोडा."

बाबांना घरात आजवर कुणी वाट सोडा म्हटलं नव्हतं. त्यांनी सोडली.

वर्कशॉपची मालाची व्हॅन होती. थोरल्यानं मागची खोकी अंगणात अक्षरशः भिरकावली. गिऱ्हाइकांचे गेज होते त्यांत, एरवी तो ती तान्ह्या बाळासारखी उचलायचा. वहिनीनं गादी टाकली, उशी दिली आणि स्वतः पुढे बसली. धाकटा मागे बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसला. रस्त्यात तो तिला दर वळणाला विचारत होता, डोकं कसं आहे, पोट कसं आहे, दिसतंय का. ती म्हणाली, "आता विचारतोस होय?" आणि त्याचा हात धरून ठेवला.

दवाखान्यात सिस्टरनं पट्टा बांधला आणि लगेच डॉक्टरांना हाक मारली. एकशेसत्तर होतं. डॉक्टर मध्यम वयाच्या, घाईत असूनही घाई न दाखवणाऱ्या बाई होत्या. लघवीत प्रथिनं जाताहेत, बीपी असंच राहिलं तर झटके येऊ शकतात, असं त्यांनी नकाशेवालीला सांगितलं, तिला वगळून धाकट्याला नाही. झटके टाळायचं इंजेक्शन लगेच सुरू करते, आणि बीपी आटोक्यात आलं की बाळाला ऑपरेशन करून बाहेर काढावं लागेल. थांबणं दोघांनाही धोक्याचं आहे. नकाशेवालीनं मान हलवली. मग डॉक्टरांनी विचारलं, "घरी मोजत होतात ना? काय येत होतं?"

वहिनीनं धाकट्याकडे बघितलं. इथे गप्प बसणं सोपं होतं. एकशेतीस, एकशेअडतीस, असे आकडे सांगून टाकता आले असते. अचानक चढलं म्हणता आलं असतं, आणि कुणी खोलात गेलं नसतं.

"आकडे खोटे होते," धाकटा म्हणाला. "मशीन बरोबर होतं, मी त्याचा काटा खाली उतरवला. गेल्या सोमवारी एकशेपन्नास होतं. दोनदा घेतलं होतं."

"म्हणजे आठवडाभर चढलेलंच आहे." डॉक्टरांचा चेहरा कठोर झाला, पण त्या रागावल्या नाहीत. रागवायला त्यांना वेळ नव्हता. "सांगितलंत ते बरं केलंत. आता रक्ताच्या आणखी तपासण्या लगेच पाठवते. रक्त लागलं तर देणारं कुणी आहे?"

"मी आहे," थोरला दारातून म्हणाला.

नंतर बाहेरच्या बाकावर दोघं भाऊ शेजारी शेजारी बसले. थोरल्याच्या कोपरात कापसाचा बोळा होता. वहिनी औषधं आणायला गेली होती.

"मी तेव्हाच ओरडून सांगायला हवं होतं," थोरला म्हणाला. "लपूनछपून दुरुस्त करत बसलो. वाटलं, बाबांची अब्रूही राहते आणि काम पण नीट जातं. साप मरतो, काठी मोडत नाही."

"तू ओरडला असतास तरी मी ऐकलं असतं का?"

थोरल्यानं विचार केला. "नसतं ऐकलंस."

"तिचं तरी कुठे ऐकलं," धाकटा म्हणाला, आणि एवढा वेळ दाबून ठेवलेलं रडू त्याला तिथे, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर फुटलं. थोरला त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. त्याला गप्प हो म्हणाला नाही.

बाबा आत्याला घेऊन भाड्याच्या गाडीनं आले. अंगात कामाचा एप्रन तसाच होता.

"जेवला नाही हा," आत्या म्हणाली. "तुम्ही गेल्यावर खाली जाऊन बसला. दोन्ही गेज जोडले, काढले, परत जोडले. मी म्हटलं, अरे, किती वेळा बघशील, आकडा काय तुझ्या वयाकडे बघून बदलणार आहे?"

बाबा थोरल्यासमोर उभे राहिले. "दोन वर्षं गप्प बसलास?"

"हो."

"माझी लाज राखायला?"

थोरल्यानं मान हलवली.

"चुकलास," बाबा म्हणाले. "मीही चुकलो, पण मला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं." ते बाकावर बसले, आणि बसताना त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. "तुझा मास्तर येण्याआधी मी ठिपका दिलेली मशीनं कुठकुठे आहेत?"

"पाचसहा दवाखान्यांत असतील."

"उद्या सगळी परत मागवायची. सांगायला मी जाईन. तुम्ही दोघं नाही, मी."

"लोक काय म्हणतील?" आत्या म्हणाली.

"म्हणू देत."

खुर्चीचं मग कुणी काढलंच नाही.

संध्याकाळी सिस्टर बाहेर आली. मुलगी झाली होती. लहान आहे, श्वासाला मदत लागतेय, काचेच्या पेटीत ठेवलीय. आई ठीक आहे, बीपी अजून वर आहे पण खाली येतंय, आजची रात्र नजर ठेवावी लागेल. बाळ बघायचं असेल तर एकानं आत यावं. सगळ्यांनी बाबांकडे बघितलं, कारण या घरात पहिला मान नेहमी त्यांचा. बाबांनी धाकट्याच्या पाठीला हात लावून त्याला पुढे ढकललं.

तो आत जाऊन आला आणि थेट बायकोच्या खाटेशी जाऊन बसला. तिला नळ्या लावल्या होत्या, खोलीत अंधार ठेवला होता. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले.

"बघितलीस?"

"हो."

"मला अजून तिच्याकडे नेता येणार नाही, सिस्टर म्हणाल्या. सांग ना."

"एक किलो सातशे चाळीस," धाकटा म्हणाला. "त्या काट्याचं तपासणीचं सर्टिफिकेट चालू आहे, मी बघितलं."

तिनं मान त्याच्याकडे वळवली. तेवढ्यानंही तिला त्रास झाला.

"वजन नको सांगूस. ती कशी आहे ते सांग."

धाकट्यानं तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं, की त्याला माहीत नाही. तो पेटीसमोर उभा होता खरा, पण वाचत होता शेजारच्या मशीनचे पडदे: श्वास किती, ठोके किती, वजन किती. लेकीचा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोर येईना.

"आलोच," तो म्हणाला.

त्यानं पुन्हा हात धुतले, पुन्हा तो हिरवा अंगरखा चढवला आणि पेटीवर वाकला. या वेळी पडद्याकडे बघितलं नाही. सिस्टरनं काही सांगायला सुरुवात केली तेव्हा तिलाही हातानं थांबवलं. बराच वेळ तो तसाच वाकून होता. मग परत आला, खुर्ची खाटेजवळ ओढली आणि बायकोचा सुजलेला हात आपल्या हातात घेतला.

"केस भरपूर आहेत," तो म्हणाला. "सगळे पुढे आलेत कपाळावर. भुवया नाहीतच अजून, नुसती रेघ आहे. डावा कान दुमडलाय. रंग लालभडक, आणि कपाळाला आठ्या. कुणावर तरी चिडलीय."

"तुझ्यावर असेल."

"असेल. हाताची मूठ सोडत नाही. पाय मात्र सारखे झाडते, तुला आतून मारायची ना, अगदी तसे. नाक तुझं आहे. नळीखालून नीट दिसत नाही, पण तुझंच आहे."

ती डोळे मिटून ऐकत होती. तो जरा थांबला की म्हणायची, "पुढे." आणि तो सांगत राहिला.